पाण्यातला वाफसा

पाण्यातच उभ्या असलेल्या झाडाला पाणी किती वेळा द्यायचं, हा प्रश्न ऐकायला जरा विनोदीच वाटतो. पण हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीविना, खतं विरघळवलेल्या पाण्यावर झाडं वाढवायचा संच घरी आला की सगळ्यात आधी पडतो तो हाच. पीएच, खतं, दिवे हे सगळं नंतर. आधी आकडा हवा असतो: दिवसातून किती वेळा आणि किती मिनिटं?

आकडे सांगायला माझी काहीच हरकत नाही, पुढे सांगितलेही आहेत. पण ते कुठून येतात हे एकदा कळलं की दुसऱ्याला विचारत बसायची गरज उरत नाही. या पद्धतीत पाण्याचा तुटवडा सहसा पडत नाही, प्राणवायूचा पडतो. जमिनीत पाऊस थांबला, जास्तीचं पाणी खाली झिरपलं की वाफसा आपोआप येतो. मातीच्या कणांमध्ये ओलही राहते आणि हवाही. घरातल्या संचात हा वाफसा टाकीत, कुंडीत, नळीत आपल्या हाताने आणावा लागतो. पंपाचं वेळापत्रक बनवायचं म्हणजे तो किती वेळाने आणायचा आणि किती वेळ टिकवायचा, एवढंच ठरवायचं असतं.

मुळं श्वास घेतात, हे शाळेत शिकूनही आपण विसरतो. पानांनी उजेडात बनवलेली साखर खाली येते, मुळं ती प्राणवायू वापरून जाळतात आणि त्या ऊर्जेवर पाण्यातली खनिजं आत ओढतात. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात फार तर ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. एक लिटर हवेत तो साधारण २८० मिलिग्रॅम असतो. म्हणजे तीसपट. शिवाय स्थिर पाण्यातून प्राणवायू इतका सावकाश पसरतो की हवेच्या तुलनेत तो वेग दहा हजार पटींनी कमी भरतो. मुळाला चिकटलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की नवा तिथवर पोचेपर्यंत मुळाला ताटकळत बसावं लागतं. पाणी तापलं की गोष्ट आणखी बिघडते: ३० अंशांना लिटरमध्ये साडेसात मिलिग्रॅमच मावतो आणि नेमकी त्याच वेळी मुळांची भूक वाढलेली असते. मूळकूज करणाऱ्या पिथियमला असं कोमट, गुदमरलेलं पाणी फार मानवतं. म्हणून टाकीचं तापमान १८ ते २२ अंशांच्या आसपास ठेवा असं सगळे सांगतात. २५ च्या वर गेलं की मी टाकीचं झाकण उघडून मुळांचा रंग बघायला लागते. पांढरी किंवा साईच्या रंगाची असली तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारी असली तर वेळापत्रक बदलून आता काही होणार नाही.

पद्धती बऱ्याच आहेत, पण मला स्वतःला आवडते ती भरती-ओहोटीची. पसरट ट्रेमध्ये भाजलेल्या मातीचे गोळे, म्हणजे क्ले बॉल्स, आणि त्यात जाळीदार कुंड्या. खाली टाकी, टाकीत छोटा पंप. टायमर टक् करतो, पंपाची घरघर सुरू होते आणि पहिली काही मिनिटं वरून काहीच दिसत नाही. मग गोळ्यांच्या फटींतून बुडबुडे यायला लागतात, ट्रेभर बारीक चुळबुळ ऐकू येते. आतली वापरलेली हवा बाहेर पडत असते ती. पाणी वरच्या थराच्या दोनेक बोटं खाली आलं की ओव्हरफ्लोच्या नळीला लागतं आणि तिथेच थांबतं. वरचे गोळे कोरडेच राहायला हवेत, नाहीतर काही दिवसांत त्यांच्यावर हिरवं शेवाळ धरतं. पंप बंद झाला की पाणी आल्या वाटेने उतरायला लागतं आणि सगळ्यात शेवटी ड्रेनच्या तोंडाशी एक लांबलचक सुर्र असा आवाज होतो. तो ऐकायला मी हातातलं काम सोडून जाते. जेवढं पाणी खाली गेलं तेवढीच ताजी हवा वरून गोळ्यांत ओढली गेलेली असते आणि प्रत्येक गोळ्यावर, प्रत्येक मुळावर पाण्याचा पातळ पापुद्रा शिल्लक असतो. झाडाचं खरं जेवण या पापुद्र्यावर चालतं. ट्रे तुडुंब भरलेला असतो तेवढा वेळ मुळं नुसती कळ काढत असतात.

माझ्या भाच्याने हल्लीच असा संच घेतला. त्याचा फोन आला, ‘मावशी, टायमरच्या किती खुंट्या दाबू?’

खुंट्या म्हणजे त्या गोल चकतीच्या टायमरच्या कडेला असतात त्या. चोवीस तासांच्या ९६ खुंट्या, एक खुंटी १५ मिनिटांची. जिकडे तिकडे ‘दर वेळी १५ मिनिटं पाणी द्या’ असा जो सल्ला मिळतो, त्यात वनस्पतिशास्त्र किती आणि या चकतीची रचना किती, अशी मला फार दिवसांपासूनची शंका आहे. ट्रे सहा मिनिटांत भरत असेल तर पुढची नऊ मिनिटं पाणी नुसतं फिरत राहतं. त्याने बिघडत काही नाही, पण तो आकडा झाडाने मागितलेला नाही.

‘आधी पाणी वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघ,’ मी म्हटलं.

‘ते बघतो. तू आकडा सांग ना.’

‘बरं, लिही. उजेड सुरू झाल्यावर एकदा. मग दर दोन-तीन तासांनी. दिवे बंद व्हायच्या तासभर आधी शेवटचं. रात्री एकदा, नाहीतर नाहीच.’

तो खूश झाला. हा आकडा क्ले बॉल्सचा आहे, हे मात्र त्याला दोनदा बजावून सांगितलं. कारण माध्यम, म्हणजे मातीऐवजी मुळांना आधार देणारी वस्तू, बदललं की हिशेब पार उलटतो. क्ले बॉल्स पाणी फारसं धरून ठेवत नाहीत, फटी मोठ्या, निचरा भराभर. म्हणून तिथे पाळ्या जास्त. ट्रेमध्ये त्यांच्याऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असेल तर त्याच वेळापत्रकाने कोवळी रोपं चिखलात उभी राहतील. तिथे दिवसाला एक-दोन पाळ्याही पुरतात. परलाइट, म्हणजे भाजून फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. रॉकवूलची, म्हणजे वितळवलेल्या दगडाच्या तंतूंपासून बनवलेल्या ठोकळ्यांची, तऱ्हा निराळीच: भिजलेल्या ठोकळ्यात साधारण ८० टक्के पाणी आणि १५ टक्के हवा असते, पण सारखी वाटलेली नसते. वरचा भाग मोकळा, तळ गच्च. ठोकळा ट्रेच्या पाण्यात सतत बुडलेला राहिला तर तळाची मुळं आधी जातात आणि वरून बराच काळ कळत नाही.

गोंधळात टाकणारी एक गोष्ट इथेच येते. मोठ्या काचगृहांत रॉकवूलवर वाढणाऱ्या टोमॅटोला कडक उन्हाच्या दिवशी वीस-तीस वेळासुद्धा पाणी दिलं जातं. वाचून आपणही उत्साहाने पंपाच्या पाळ्या वाढवतो. पण ते पाणी ठिबकने, वरून, थोडं थोडं येतं आणि पुरेसा भाग, १० ते ३० टक्के, खालून वाहून जाईल असा बेत असतो. वरून उतरणारं ताजं द्रावण जुन्या पाण्याला आणि साचलेल्या क्षारांना ढकलत बाहेर काढतं, त्याच्या मागोमाग हवा आत येते. शिवाय तिथे घड्याळापेक्षा उन्हावर भरवसा जास्त. सकाळपासून किती प्रकाश पडला ते यंत्र ज्यूलमध्ये मोजत राहतं आणि ठरावीक बेरीज भरली की एक पाळी सुटते. ढगाळ दिवशी बेरीज उशिरा भरते, पाळ्या आपोआप कमी होतात. पहिली पाळी सूर्य उगवल्यावर तास-दोन तासांनी, शेवटची मावळायच्या आधी तास-दोन तास. घरच्या टायमरला यातलं काही कळत नाही, ते आपल्यालाच कळावं लागतं.

माझी घरगुती युक्ती अगदी साधी आहे. निचरा पूर्ण झाला की एक कुंडी उचलून वजनकाट्यावर ठेवायची, पुढच्या पाळीच्या जरा आधी परत ठेवायची. फरक नगण्य असेल तर पाळ्या उगाच जास्त होतायत. फरक मोठा असून दुपारी पानं मऊ पडत असतील तर कमी. काही दिवसांनी काटा लागत नाही, उचलल्यावर हाताला कळतं.

झाड पितं किती, हे ठरतं बाहेरच्या हवेवर. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड नावाच्या गृहस्थाने पुदिन्याच्या काड्या निरनिराळ्या पाण्यात वाढवून त्यांची वजनं केली आणि निष्कर्ष १६९९ मध्ये छापले. पावसाच्या स्वच्छ पाण्यापेक्षा नदीच्या गढूळ पाण्यात रोपं जोमाने वाढतात हे त्याला दिसलं, म्हणून मातीविना शेतीच्या इतिहासात त्याचं नाव येतं. पण मला त्याची दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. झाडाचं वजन जेवढं वाढलं, त्याच्या कितीतरी पट, काही बाटल्यांत शेकडो पट, पाणी पानांवाटे उडून गेलेलं होतं. पाणी द्यायचं वेळापत्रक म्हणजे बहुतांशी या उडून जाणाऱ्या पाण्याचं वेळापत्रक. हवा कोरडी, गरम, खेळती असली आणि उजेड भरपूर असला की झाड घटाघटा पितं. दमट आणि अंधारलेल्या दिवशी त्याच झाडाची तहान निम्म्याहून कमी होते. लेट्यूसचं कोवळं रोप दिवसभरात जेमतेम दोन-चार घोट घेतं, तर फळांनी लगडलेला टोमॅटो प्रखर उजेडात एक-दोन लिटर सहज संपवतो. त्यामुळे बी रुजल्यापासून तोडणीपर्यंत एकच आकडा चालेल असं सांगणाऱ्या खोक्यावरच्या सूचनांवर माझा विश्वास नाही.

आता ज्या पद्धतींत पंप अधूनमधून चालवायचा प्रश्नच नाही, त्यांचं काय? खोल पाण्याच्या बादलीत मुळं कायम बुडलेली असतात, म्हणून तिथे एअर स्टोनमधून, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावलेल्या सच्छिद्र दगडातून, चोवीस तास बुडबुडे सोडायचे. ‘झाडं झोपतात, म्हणून रात्री एअर पंप बंद ठेवतो’ असं सांगणारे भेटतात. पण मुळांचा श्वास रात्रीही चालूच असतो. एनएफटीमध्ये, म्हणजे ॲलन कूपर यांनी इंग्लंडमध्ये विकसित केलेल्या आणि १९७० च्या दशकात गाजलेल्या उतरत्या नळ्यांच्या पद्धतीत, पाणी मिलिमीटरभर जाडीच्या पातळ थरात वाहत राहतं. मुळांच्या जाळीचा खालचा भाग ओला, वरचा भाग दमट हवेत. हा थर जाड झाला, नळीचा उतार कमी पडला, मुळांनी वाट अडवली की पाणी तुंबतं आणि पद्धतीचा सगळा फायदा गेला. घरच्या संचात इथेही पंप सतत चालू ठेवणंच सोपं. थांबवायचाच असेल तर रात्री, आणि तोही मुळांची जाळी दाट झाल्यावरच.

आणि मग क्रॅटकी. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी मांडलेली ही पद्धत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. एक झाकलेलं भांडं, द्रावण जाळीदार कुंडीच्या तळाला टेकेल इतकं भरायचं, रोप लावायचं आणि सोडून द्यायचं. पंप नाही, बुडबुडे नाहीत. लेट्यूसच्या एका गड्ड्याला साधारण चार लिटर द्रावण शेवटपर्यंत पुरतं. पाणी देण्याची वारंवारता: एकदा. झाड पितं तशी पातळी उतरते आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये दमट हवेची पोकळी मोठी मोठी होत जाते. झाकण अलगद उचलून आत बघितलं की एकाच रोपाची दोन तऱ्हेची मुळं दिसतात. पोकळीतली वरची मुळं आखूड, फांद्याफांद्यांची, कापसासारख्या बारीक लवेने भरलेली. खाली पाण्यात सोडलेली मुळं लांब, गुळगुळीत, जवळपास बिनकेसांची. वरची हवेतून प्राणवायू घेतात, खालची पाणी आणि खतं. पातळी खाली गेली म्हणून काळजीपोटी भांडं पुन्हा काठोकाठ भरलं तर वरची मुळं एका फटक्यात बुडतात. ती पाण्यासाठी घडलेलीच नसतात, आणि पाण्यातली मुळं एकटी सगळ्या झाडाला पुरी पडत नाहीत. भर घालायचीच असेल तर थोडी घालावी, निम्मी पोकळी तरी उघडी राहील इतपत. प्रेमाने पाणी घालणारी माणसं या पद्धतीत झाडं मारतात आणि विसराळू माणसांची छान येतात.

मुळं गुदमरली की झाड काय करतं? माना टाकतं. अगदी तहानेने टाकावी तशी. पाण्यात उभं राहून झाड सुकतं हे बघायला विचित्र वाटतं, पण त्याचं कारण आता नीट माहीत आहे. पेशींच्या पडद्यांत पाण्यासाठी वेगळी दारं असतात, ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं. ती शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. योगायोग असा की त्याच वर्षी एका संशोधनात दिसलं की प्राणवायू संपल्यावर मुळाच्या पेशींच्या आतलं द्रव आंबट होतं आणि त्यामुळे ही दारं मिटतात. पाणी बाहेर भरपूर, आत यायची वाट बंद. आपण कोमेजलेलं रोप बघतो, घाबरतो आणि आणखी एक पाळी वाढवतो. म्हणून मान टाकलेलं झाड दिसलं तर मी पंपाला हात लावायच्या आधी माध्यम बघते. ते कोरडं असेल तर पाणी. ओलं असेल तर पाणी तोडायचं, टाकी गार करायची, बुडबुडे वाढवायचे.

पाण्याचा आणखी एक हिशेब असतो, टाकीत भर घालण्याचा. इथे ईसी मीटर कामाला येतो. द्रावणात क्षार किती दाट आहेत ते तो सांगतो आणि पातळीबरोबर त्याचा आकडा वाचला की झाडाच्या मनातलं कळतं. पातळी उतरली आणि ईसी चढला तर झाडाने जेवणापेक्षा पाणी जास्त घेतलंय. साधं पाणी घालायचं. पातळी उतरली आणि ईसीही उतरला तर खाणं जास्त चाललंय, द्रावण घालायचं. पातळी उतरून ईसी जागच्या जागी राहिला तर पहिल्या भरणीचं प्रमाण बरोबर जमलं. उन्हाळी दिवसांत पहिलाच प्रकार बहुतेक वेळा दिसतो. टाकी लहान असेल तर ही तपासणी रोज, मोठी असेल तर दोन-तीन दिवसांनी. मोठ्या टाकीत सगळं सावकाश बदलतं, आणि नवख्या माणसाला पंपापेक्षा टाकीवर जास्त खर्च करायला सांगावंसं मला वाटतं ते यासाठीच. नुसती भर घालत राहिलं तर काही खनिजं साचत जातात, काही संपतात आणि ईसीचा एकच आकडा ते दाखवू शकत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी सगळं द्रावण बदलून टाकावं. पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान राहतोय ना, ते त्याच फेरीत बघून घ्यायचं.

रात्रीच्या पाळीबद्दल माझं मत थोडं डळमळीत आहे. बहुतेक झाडांना ती लागत नाही. पानांची रंध्रं मिटलेली असतात, पाणी उडत नाही. पण लेट्यूसच्या गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात, ती तक्रार कॅल्शियमची असते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहतं आणि दिवसा तो प्रवाह बाहेरच्या मोठ्या, भराभर पाणी उडवणाऱ्या पानांकडे जातो. गाभ्याच्या वाट्याला काही येत नाही. रात्री मात्र मुळं खालून दाब देतात आणि पाणी आतल्या पानांपर्यंत चढतं. पहाटे पानांच्या कडेवर ओळीने टपोरे थेंब बसलेले दिसतात ते दंव नसतं, याच दाबाने बाहेर आलेलं पाणी असतं. म्हणून गड्डा धरायला लागल्यावर क्ले बॉल्समधल्या लेट्यूसला मी मध्यरात्रीची एक पाळी ठेवते. टोमॅटोला कधी ठेवली नाही.

वीज गेली किंवा चार दिवस बाहेर जायचं झालं तर कुठल्या पद्धतीचा किती भरवसा, हे पाळ्या ठरवतानाच बघून ठेवलेलं बरं. एनएफटीच्या नळ्यांना साठाच नसतो. तापलेल्या दुपारी पंप थांबला तर काही तासांत झाडं आडवी होतात. क्ले बॉल्स त्याहून थोडा जास्त वेळ तग धरतात, कोकोपीट एखादा दिवस सहज काढतं. बुडबुड्यांच्या बादलीत पाणी असतं, पण वीज गेली की प्राणवायू संपायला लागतो. तिथे पातळी चार बोटं खाली करून ठेवली तर वरची मुळं हवेवर निभावून नेतात. क्रॅटकीच्या भांड्याला वीज गेल्याचं कळतही नाही. फक्त त्यात मोठा झालेला टोमॅटो सोडून गावाला जाऊ नये. चार लिटर त्याला चार दिवसही पुरत नाहीत.